गाडीची दुसरी चावी

सहामाही परीक्षा संपल्या होत्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागायला दोन दिवस होते. शाळा सुटल्यावर मी गाडीपाशी गेले, चावीवरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. एरवी बटण दाबलं की गाडी दोनदा टीं टीं करते आणि चारही दारं उघडतात. त्या दिवशी गप्प. जवळ नेऊन दाबलं, अंगठ्यानं जोर देऊन दाबलं, तरी गप्प. शेवटी चावी दारात घालून हातानं फिरवली, तर गाडीनं बोंब ठोकली. मालकिणीलाच चोर समजली ती. पोरं कानात बोटं घालून मैदानभर नाचली. आत बसून इंजिन चालू केलं तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

गाडी चौदा वर्षांची आहे. मी घेतली तेव्हाच ती कुणीतरी वापरलेली होती. पुसदला राहायचं आणि फुलसावंगीच्या शाळेत शिकवायला जायचं, असं माझं बरीच वर्षं चाललं आहे. एका बाजूचा सगळा रस्ता तासाभराचा. त्या गाडीनं मला कधी फार त्रास दिला नव्हता.

घरी आल्यावर यजमानांनी रिमोटचं झाकण उघडून नाण्याएवढा सेल बदलला. काही फरक पडला नाही. दोन दिवस मी दार उघडलं की गाडी ओरडायची. कुलूप ती आपलं आपणच लावून घ्यायची आणि चावीनं उघडलं की गल्ली डोक्यावर घ्यायची. सकाळी शेजारीण म्हणाली, "मॅडम, आता आमाले घड्याळ पाहा नाही लागत."

सुट्टी लागली त्या दिवशी मी बसस्टँडजवळच्या चावीवाल्या चाचांकडे गेले. गेली कित्येक वर्षं ते त्याच अरुंद दुकानात बसतात. मागच्या भिंतीवर खिळ्यांना हजारभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या. त्यांनी रिमोट उघडला, आतली हिरवी पट्टी उजेडात धरली आणि विचारलं, "मॅडम, याच्यात पाणी गेलं होतं का?"

गेलं होतं. पावसाळ्यात पर्समध्ये पाण्याची बाटली सांडली होती. मी पुसून ठेवला होता आणि विसरून गेले होते.

"सर्किट सडलं," ते म्हणाले. "साफ करून देतो, पण दोन रोज चालन आन् पुन्हा बंद. नवाच टाका. फकत एक काम करा लागन. दुसरी चाबी घेऊन या."

"दुसरी कायले?"

"नवी चाबी गाडीले ओळखू द्यायची, तर घरातल्या सगळ्या चाब्या एकाच टाईमले दाखवा लागते. जे चाबी हजर नाही तिले गाडी विसरून जाते. मंग त्या चाबीनं गाडी चालू होत नाही. हरवली असन तर सांगा, तिले मिटवून टाकतो. चोराच्या हाती लागली तरी कामाची नाही."

"हरवली नाही," मी म्हटलं.

"मंग कोणापाशी आहे?"

"आहे एका जणीकडं."

"मंग आणा ना. आपण कुठं जातो, इथंच आहो."

घरी येऊन मी यजमानांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "मिटू दे ना ते चाबी. दोन वर्षांत कोणी हात लावला तिले?" त्यांचं बरोबरच होतं. चाचांना एक फोन केला असता तर संध्याकाळी नवा रिमोट हातात आला असता. मी जेवणाची पानं घेतली, भांडी घासली, आणि फोन काही केला नाही.

ती दुसरी चावी ज्यांच्याकडे होती त्यांना मी ताई म्हणायचे. आम्ही एकाच शाळेत होतो. त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, चौथीचा वर्ग घेणाऱ्या, आवाज न चढवता वर्ग गप्प करणाऱ्या. त्या मला "बाई" म्हणायच्या, लाडानं आणि थोड्या अधिकारानं. काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेत आम्ही कितीतरी वर्षं बरोबर जायचो. मग मी ही गाडी घेतली. घेतली खरी, पण चालवता येत नव्हती. ताईंना येत होती. लग्नाआधी माहेरी भावाच्या जीपवर त्या शिकल्या होत्या आणि त्यानंतर पंचवीस वर्षं कोणी त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

त्यांनीच मला शिकवलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानात, रोज अर्धा तास. मी पायाकडे पाहायचे, त्या माझी हनुवटी धरून वर करायच्या. "पाय कुठं पळून नाही चालले," म्हणायच्या. मी क्लच सोडून गाडी चारदा बंद पाडली की पाचव्यांदा म्हणायच्या, "आता चहा पिऊ." रागावल्या अशा एकदाही नाहीत. मी रस्त्यावर चालवायला लागले त्या दिवशी मी दुसरी चावी त्यांच्या हातात ठेवली. एक दिवस त्या चालवतील, एक दिवस मी. सहा वर्षं आमचं असं चाललं.

त्या सहा वर्षांत आम्ही गाडीत काय बोललो ते सांगायचं म्हटलं तर काहीच विशेष नाही. पोरांच्या हजेऱ्या, घरचे डबे, कोणाच्या घरी कोणती भाजी. कधी दोघीही गप्प बसायचो आणि तेही बरं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात मला जाणवायला लागलं की ताईंना कडेचं दिसत नाही. समोरच्या ट्रकच्या पाटीवरचं अक्षर त्या दुरून वाचायच्या, पण डावीकडून सायकलवाला आला की दचकायच्या. मी बोलले नाही. एका संध्याकाळी परत येताना रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा भारा घेऊन चालली होती. गाडी सरळ तिच्या अंगावर चालली. मी ओरडून स्टिअरिंग ओढलं. भाऱ्याचं टोक आरशाला घासून गेलं. बाईला काही झालं नाही, तिनं आम्हाला दोन शिव्या दिल्या आणि पुढे गेली.

ताईंनी गाडी बाजूला उभी केली. "दिसली होती मले," त्या म्हणाल्या. नव्हती दिसली, हे मला माहीत होतं.

तेव्हाच मी त्यांना म्हणायला पाहिजे होतं, की ताई, उठा, मी चालवते, आणि उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ. माझी हिंमत झाली नाही. घरी गेल्यावर मी त्यांच्या मुलाला फोन केला.

मुलगा चांगला. आईवर जीव असलेला. पण त्याला घाई फार. त्यानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला, कडेची नजर बरीच गेलेली, गेलेली परत येत नाही, राहिलेली थेंबांवर टिकेल. मग तो शाळेत आला आणि सगळे शिक्षक बसलेले असताना मुख्याध्यापकांना म्हणाला, "आईले गाडी चालवू देऊ नका, सर. ह्या मॅडमनं सांगितलं म्हणून समजलं, नाहीतर कोणाचा तरी जीव गेला असता." ताई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातल्या वहीवर बरोबरच्या खुणा करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं आल्या. मी सकाळी त्यांच्या थांब्यावर गाडी उभी केली तर म्हणाल्या, "तू जा. मले बसनं बरं वाटते." तीन दिवस मी थांबले, तीनही दिवस हेच. चौथ्या दिवसापासून मी घरून दहा मिनिटं आधी निघायला लागले, म्हणजे त्या थांब्यावर दिसणार नाहीत. याची मला अजून लाज वाटते. चार महिन्यांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सासरच्या गावी, बोरी अरबला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना शाल दिली. चावी त्यांनी परत केली नाही आणि मीही मागितली नाही.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. उचलला की लगेच आवाज आला, "बोल."

"ताई, मी बोलून राह्यली."

"नाव येते ना फोनवर. मोठ्या अक्षरात करून देल्लं पोरानं. बोल."

"ते... चाबीचं काम होतं. गाडीच्या."

मग त्या म्हणाल्या, "ये मग. गाडी घेऊनच ये, बसनं येऊ नको."

इतक्या लांब एकटी मी कधी चालवत गेले नव्हते. यजमान म्हणाले येतो, मी नको म्हटलं. दिग्रस गेलं, दारव्हा गेलं. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती, तुरीला पिवळी फुलं लागली होती. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. शाळेत भाषण बसवतात तसं. बोरी अरबचं पहिलं घर दिसलं तेव्हा त्यातलं एक वाक्य लक्षात नव्हतं.

ताई अंगणात खाटेवर बसून सुपात हरभरा निवडत होत्या. केस पार पांढरे झाले होते. मी गाडी लावून उतरले, जाऊन खाटेवर त्यांच्या डाव्या बाजूला बसले. त्या हरभराच निवडत राहिल्या. मला वाटलं, राग गेला नाही. मी म्हटलं, "ताई." त्या दचकल्या, सूप हललं, दाणे सांडले.

"समोर बस," त्या म्हणाल्या. "बाजूले बसली तर तू नाहीच मले."

मी मोढा ओढून समोर बसले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वाळली तू," म्हणाल्या. सुनेनं चहा आणला, चिवडा आणला. खाल्ल्याशिवाय कशाचंच बोलू दिलं नाही. मग त्या उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून स्टीलची छोटी डबी घेऊन आल्या. डबीत चावी होती. चावीच्या काळ्या कडेला हळदकुंकू लागून वाळलेलं.

"दसऱ्याले पूजा केली," त्या म्हणाल्या. "सगळ्यायनं आपापल्या गाड्यायची केली. माह्यापाशी गाडी नाही, चाबी होती, तिची केली. दोन्ही साल."

"चालू आहे?"

"चालू नसाले काय झालं? सेल बदलवला ना म्या. दोनदा."

"कायले बदलवला, ताई? गाडी तर माह्यापाशी."

त्या वळल्या. ओसरीच्या कडेला गेल्या, चावी रस्त्याकडे धरली आणि बटण दाबलं. फाटकाबाहेर गाडी टीं टीं वाजली. पंधरा दिवसांनी ती पहिल्यांदा बोंब न मारता उघडली. ताईंनी पुन्हा दाबून बंद केली, पुन्हा उघडली. आतून नातू धावत आला, त्यालाही त्यांनी एकदा दाबू दिलं.

मग मी बोलले. जुळवून आणलेलं काही आलं नाही. म्हटलं, "ताई, मी तुमाले सांगाले पाह्यजे होतं. तुमच्या पोराले नाही. मी भ्यायली."

त्या परत खाटेवर बसल्या होत्या. खाली सांडलेले दाणे मी वेचत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांपासून माहीत होतं का आपल्याले दिसून नाही राह्यलं. रोज म्हणो, आज बाईले सांगतो, आज तू चालव. आन् गाडीत बसली का हात आपोआप चाबीवर जाये. घरी आली का सैपाक, शाळेत गेली का पोरं. मधातला तेवढा एक तास माहा होता. तो सोडवत नव्हता."

मी खाटेखाली गेलेले दाणे ओढून घेतले.

"ते भारेवाली बाई मेली असती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "अजूनही सपनात येते. तू फोन केला ते चांगलंच केलं. चारचौघात पोरगा बोलला त्याचा राग आला होता, तो गेला. पण एका गोष्टीचा गेला नाही."

"कोणत्या?"

"चाबी मागाले आली नाहीस. मी वाट पाह्यली. म्हटलं, गाडी तिची आहे, कधी ना कधी चाबी तरी मागाले येईन. मुद्दाम नव्हती देल्ली. तू तर गाडीच आधी काढाले लागली. दहा मिनिटं आधी जात जाये तू. मी थांब्यावर उभी राहून पाहो, धूळ खाली बसाचीच राहे."

त्यांना ते कळत होतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी दाणे ओंजळीत धरून तिथेच बसून रडले. ताईंनी ओंजळ चाचपली, दाणे सुपात घेतले आणि म्हणाल्या, "पूस डोळे. सून पाहीन तर म्हणन, आमच्या सासूनं काय केलं."

चावीचं काय काम आहे ते मी मग सांगितलं. दोन्ही चाव्या एकदम दाखवाव्या लागतात, जी हजर नसेल तिला गाडी विसरते. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तू घेऊन जाशीन आन् मंग कधी आणून देशीन त्याचा भरवसा नाही. मीच येतो." सुनेला दोन लुगडी पिशवीत भरायला सांगितली आणि डोळ्यांचे थेंब आठवणीनं स्वतः घेतले.

पुसदला येताना दारव्ह्यापर्यंत त्या माझ्या चालवण्याकडे लक्ष देऊन बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "चांगली चालवतेस." दिग्रसच्या अलीकडे त्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी स्टिअरिंगखाली कुठेतरी वायर जोडली, हातातल्या छोट्या यंत्राची बटणं दाबत राहिले. आधी ताईंची चावी घालून फिरवली, मग नवी. समोरचा लाल दिवा लुकलुकत होता तो थांबला. दोन्ही चाव्यांनी दार उघडून, बंद करून, गाडी चालू करून त्यांनी दाखवलं.

"झालं मॅडम. आता दोघीले ओळखते," ते म्हणाले. ताईंच्या चावीचं रबर फाटलं होतं. चाचांनी विचारलं, "हे चाबी कोणाची? रबर बदलून देऊ का?"

"माही," ताई म्हणाल्या. "द्या बदलून. बटण मोठं असन असं पाहा."

चाचांनी खोक्यात शोधून उठावदार बटणांचं रबर काढलं. बसवण्याआधी कडेचं कुंकू पुसायला त्यांनी फडकं उचललं, मग चावी तशीच ठेवून त्यांनी ताईंकडे पाहिलं. "राहू द्या का?"

"राहू द्या," ताई म्हणाल्या.

त्या माझ्याकडे तीन दिवस राहिल्या. यजमानांना त्यांच्या हातचं पिठलं आवडायचं, ते त्यांनी एकदा केलं, अंदाजानं हात फिरवत, डबे मी पुढे करत गेले. भाजी घ्यायला गेलो तेव्हा त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. गर्दीत कोणी कडेनं येऊन धडकलं की त्यांचा हात घट्ट व्हायचा. गाडी चालवायचं नाव त्यांनी काढलं नाही. एकदा फक्त गाडी अंगणात उभी असताना चालवायच्या जागेवर बसल्या, आरसा आपल्या उंचीला लावून पाहिला, मग पुन्हा माझ्या उंचीला लावायचा प्रयत्न केला. तो जरा वाकडाच लागला होता. मी तो तसाच ठेवला.

परत सोडायला गेले त्या दिवशी मुलगा घरीच होता. मला पाहून अवघडला. ताईंनी त्याला समोर बसवलं, मलाही बसवलं. म्हणाल्या, "हे पाह्य, हिनं तुले फोन केला, तू डाक्टरकडे नेलं, दोघायनंही चांगलं केलं. पण आता माह्याबद्दल काही असन तर आधी मले सांगाचं. मंग साऱ्या गावाले सांगा." मुलगा खाली मान घालून म्हणाला, "बरं आई." मीही बरं म्हटलं. सून आतून हसली.

आता मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. तपासणीची तारीख असली की त्यांना डॉक्टरकडे मीच नेते. डॉक्टर म्हणतात, नजर आहे तेवढी टिकून आहे. थेंब सकाळ-संध्याकाळ टाकावे लागतात. घरी त्या स्वतः टाकतात, पण माझ्याकडे आल्या की मलाच सांगतात. खुर्चीवर मान मागे टाकून बसतात. मी बाटली जवळ नेली की डोळे गच्च मिटून घेतात.

"उघडा ना, ताई."

"उघडेच आहे."

"नाही उघडे."

मग त्या हसायला लागतात, आणि हसताना थोडी फट पडते तेवढ्यात मी थेंब सोडते.

"पडला काय?" त्या विचारतात.

"पडला."

"मंग दुसऱ्यात टाक," त्या म्हणतात आणि तो डोळाही मिटून घेतात.